शेवंतीचा आठ

१९५८ साली देशाच्या स्केटिंग महासंघाचे परीक्षक अध्यक्षांसह परळच्या मैदानावर आले. चाकांच्या बुटांवर, जमिनीवरच्या खडूच्या भुकटीत जी मुलगी 'आठ' अचूक काढेल, ती कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. डिलाईल रोडच्या शेवंतीला तो आठ तिच्या वडिलांनी, धोंडू परबांनी, चाळीच्या अंगणात काढून शिकवला होता.

शेवंती झोकात फिरली. परीक्षक वाकून रेघ न्याहाळू लागले.

"हे काय? मी आठ सांगितला होता!"

"मग हा काय सात आहे?" धोंडू गर्दीतून ओरडले.

जमिनीवर दोन गोलांच्या इंग्रजी 8 ऐवजी डौलदार मराठी ८ उमटला होता.

"नापास!" परीक्षक म्हणाले. शेवंतीचे डोळे भरून आले, पण तोवर सगळं मैदान उठून उभं राहिलं.

"मराठी आठ मान्य झालाच पाहिजे!"

घोषणा आवरेनात, तेव्हा महासंघाचे अध्यक्ष हसू दाबत उठले. "नियमात नुसतं आठ म्हटलंय, कुठल्या भाषेतला ते नाही. पोरगी पास!"


हा निकाल शेवंतीच्या आधीच कलकत्त्याला पोहोचला. तिथे बंगालच्या मुलीने बंगाली आठ काढला, मद्रासच्या मुलीने तमिळ, आणि अध्यक्ष डोक्याला हात लावून बसले.