सातवा जोड

अपघातात घोट्याचा चुरा झाल्यापासून नविन आठ महिने घरीच होता. आज बायकोला, निलमला, घेऊन तो तलासरीत मोटरसायकलचे बूट घ्यायला आला. "टाच वर सरकायला नको, बोटांना जागा पाहिजे, घोट्याला कडक आधार पाहिजे," म्हणत त्याने सहा जोड परत केले. वापीच्या कंपनीतली पाळी संपवून आलेली निलम बाकावर पेंगत होती.

सातवा जोड त्याने दाबून, वाकवून बघितला. "हा बरोबर आहे."

दुकानदार कंटाळून म्हणाला, "मग भाऊ, एकदा घालून चालून बघा ना."



नविनने कुबडी भिंतीला टेकवली, कसाबसा खाली बसला आणि निलमच्या पायातली चप्पल हळूच काढत म्हणाला, "गाडी आता हीच चालवते."