बदकाचं पान

गरिमानं पान उलटलं आणि अवंतिकाच्या लक्षात आलं, की दोन पानं एकदम उलटली गेलीत.

समोर बकरी होती. चित्रातही बकरी आणि खालच्या चार ओळींतही बकरीच. आणि सात वर्षांची गरिमा दोन्ही हात मांडीवर ठेवून, खणखणीत आवाजात बदकाचं वाचत होती. “द डक सेड, आय ॲम नॉट स्लीपी.” कुठे म्हणून अडली नाही.

अवंतिकाचं पेन थांबलं. परीक्षा खरं तर तिची होती, गरिमाची नव्हे. मुलानं एक शब्द बरोबर वाचला की शिक्षिकेनं कागदावर बरोबरची एक खूण करायची. अडला, चुकला, तर तसं टिपायचं. ज्यांच्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही अशा मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याचं प्रमाणपत्र त्यावर मिळणार होतं. मार्चपर्यंत ते आणलं नाही तर पुढच्या सत्रात वर्ग मिळणार नाही, असं शाळेनं लेखी दिलं होतं. वर्ग गेला की तिच्या अभिरामची तिथल्या नर्सरीतली जागाही गेली, ती शिक्षिकेचा मुलगा म्हणूनच होती. आणि ही अवंतिकाची दुसरी खेप.

टेबलापलीकडे परीक्षक मंदाताई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, पुढ्यात साय धरलेला चहा. बाडा चौकाजवळच्या त्या प्रशिक्षण केंद्रात त्या सकाळी नऊपासून बसून होत्या. त्यांना तिथून पुस्तकाची पाठ तेवढी दिसत होती.

पुस्तक मुलानं आधी पाहिलेलं नसावं, असा नियम. पण मंदाताईंच्या पिशवीतून तीन वर्षं हेच पुस्तक निघतं, हे परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक होतं. अवंतिकानं ते पंधरा दिवस गरिमाकडून घोकून घेतलं होतं. डब्याच्या सुट्टीत, प्रार्थनेच्या रांगेत, अगदी हरिशंकरपुरमहून येताना ई-रिक्शातसुद्धा. पाठ करता करता अक्षरं ओळखीची होतीलच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

“माय विंग्ज आर वेट,” गरिमा बकरीकडे बघत म्हणाली.

अवंतिकानं खूण केली. आणखी एक केली. अजून वीसेक शब्द, की सुटलो. दोनच्या आत घरी. तिनं तिसरी खूण करायला पेन टेकवलं, आणि ते पुढे जाईना.

“थांब गं बेटा.”

“गलत झालं का, मॅडम?”

“नाही. डक कुठे लिहिलंय? बोट ठेव बरं त्याच्यावर.”

गरिमानं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. ओठ हलवत, एकेका शब्दाखालून ते सरकवत नेलं. चौथ्या ओळीच्या टोकाला पोचून बोट परत वर आलं आणि पुन्हा खाली निघालं. इतका वेळ लागला, की मंदाताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

“इथे डक नाहीये,” गरिमा शेवटी म्हणाली. “मैंने पूरा देख लिया. इथे तर... गो... गोट. गोट लिखा है.” मग एकदम तिचा चेहरा उतरला. “पण तुम्हीच तर डकवालं याद करवलं होतं, मॅडम.”

“हो, मीच,” अवंतिका म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. “ताई, तिला सगळं पुस्तक पाठ आहे. मीच करवून घेतलंय.”

तिनं पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत आडवी रेघ मारली. त्या रेघेपुढे बरोबरची एकच खूण केली, गोटची, आणि कागद सरकवला.

मंदाताईंनी कागद पाहिला. पुस्तक उचललं आणि दोन पानांच्या कडेत नख घालून पाहिलं. पानं सुटली नाहीत.

“गजक,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या नंबरचा तो मुलगा तीळ-गुळाची गजक खाऊन तशाच चिकट हातांनी आला होता. तेव्हापासून चिकटलीत.”

“मग माझ्या आधी...”

“तुमचा नंबर एकोणीस. म्हणजे मधे पंधरा मुलं झाली. पंधराच्या पंधरा हे न उघडलेलं पान वाचून गेली. एकही अडलं नाही.” त्यांनी डावीकडच्या सह्या झालेल्या कागदांवर हात ठेवला. “सातव्या नंबरच्या मुलीच्या वेळेला पुस्तक उचलून ठेवताना माझ्या लक्षात आलं. मग मी चहा मागवला.”

अवंतिकानं त्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“आज दिवसभरात शिकवणं म्हणून जे काही पाहिलं, ते आत्ताचं,” मंदाताई म्हणाल्या. “पण चिकटलेल्या पानाचं लिहून तुम्हाला पास केलं, तर पास करून टाकलेल्या या पंधरांचं काय करू, सांगा.”

त्यांनी अवंतिकाच्या कागदावर ‘फेरपरीक्षा’ लिहिलं, सही केली आणि घड्याळात पाहिलं.

“सप्टेंबरात या. दुसरं पुस्तक आणीन म्हणते.”

“ताई, मला मार्चपर्यंतच...”

“माहीत आहे. सगळ्यांनाच मार्चपर्यंत हवं असतं.” मंदाताईंनी पुस्तक पहिल्या पानावर उघडून टेबलावर ठेवलं आणि दाराकडे पाहून हाक मारली, “वीस नंबर!”

दार उघडलं. विसाव्या नंबरची बाई एका मुलीला हाताला धरून आत आली. मुलीचे डोळे गच्च मिटलेले होते आणि ओठ हलत होते.