उगवतीचा खांब

"याला हात लावू नका," वंदना म्हणाली. "बाकी कुठेही लावा."

सुकदेवने हात मागे घेतला.

सुरतेत तापीच्या ओवाऱ्यावरचा, म्हणजे घाटावरचा, हा दरवाजा १८६८चा. बोटीतून उतरलेले गोरे साहेब त्याखालून शहरात शिरत. तीन अर्धगोल कमानी, चार खांब. तीन खांबांच्या दरजांत, दगडांमधल्या सांध्यांत, नंतर कुणीकुणी सिमेंट कोंबलं होतं. उगवतीच्या खांबात मात्र सगळा चुना, आणि प्रत्येक दरज दोन मिलिमीटरची. त्या तिन्ही खांबांचे नमुने दुरुस्तीवर नेमलेल्या वास्तुतज्ज्ञ वंदनाने प्रयोगशाळेत पाठवले होते. याचा कणही काढायला ती धजावली नव्हती. दुरुस्त्यांच्या जुन्या फायली २००६च्या पुरात गेल्या होत्या, पण या खांबासाठी तिला फायलीची गरज वाटत नव्हती.

आता दुरुस्तीसाठी चुन्याचा गवंडी हवा होता. काम आठ महिन्यांचं. सुकदेव शहरातल्या नवागाम वस्तीतून बायकोला घेऊन आला होता. भेस्तानच्या लूम कारखान्याने त्याला दिवाळीनंतर परत घेतलं नव्हतं. हे काम मिळालं नाही तर दोघांना सुरत सोडावी लागणार होती.

"चुन्याचं काम केलंय ना, काका?"

"केलंय थोडंफार. मग लूमवर लागलो. बारा वर्सं झाली."

"आणि मावशी काय करतात?"

"चुना मी चाळते, मॅडम," सरलाबाई म्हणाली. "पानाला लावून खातेबी मीच."

वंदना हसली, आणि लगेच कामाकडे वळली. सुट्या दगडांचा हातभर तुकडा बांधून दाखवायचा होता. उगवतीच्या खांबासारखा.

तीन दिवस सरलाबाईने चुना चाळला, भिजवला, मळला. सुकदेव थापी चालवताना उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवी. चहाला तो उठला नाही. एक ओळ त्याने दोनदा उकलून पुन्हा बांधली.

चौथ्या दिवशी वंदनाने दरजा मोजल्या. चार. पाच. तीन. सहा.

तिने पुन्हा मोजल्या. मग त्याला खांबापाशी नेलं.

"हे बघा. दीडशे वर्षांपूर्वीचा कुणी गवंडी. इतक्या ओळींत त्याचा हात एकदाही हललेला नाही. असा हात आता सुरतेत नाही, काका."

"नाही," सुकदेव म्हणाला.

"मनाला लावून घेऊ नका."

"तुमचं बरोबर शे, ताई."

तिने कागदावर 'नापसंत' लिहिलं आणि सही केली.

ओवाऱ्याच्या पायऱ्या चढून दोघं वर आली. रस्त्यावर येताच सरलाबाईने चाळणी खाली आपटली.

"अठ्ठ्याण्णवच्या पुरात पडना व्हता तो खांब, तुम्हीच परत बांधेल शे. बाईले का बरं सांगं नही?"

सुकदेवने चाळणी उचलून काखेत धरली.

"सांगं असतं, तर बाई म्हनती, 'मंग आते तसाच करी दाखवा.'"