रबर निघेपर्यंत

"तोंड हलवायचं नाही, बाळ. मी आहे ना," आई म्हणाली आणि सिरिंजची नळी अलगद कोरच्या गालात सरकवली.

कोमट सूप आत गेलं. निम्मं बाहेर ओघळलं, पण कोरला पत्ताच नाही, ओठ बधिर होता. खालचा जबडा कापून मागे घेतलेला, वरचा-खालचा रबरांनी करकचून बांधलेला, आणि तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. सहा आठवडे चावणं बंद, बोलणं बंद. उशाशी एक पाटी आणि खडू.

तिची हनुवटी जन्मापासून पुढे, चंद्रकोरीसारखी वर वळलेली, म्हणून घरात तिला सगळे कोर म्हणत. शाळेत पोरींनी छळ छळ छळलं. आई म्हणायची, "बोलू देत मेल्यांना. हजार पोरींत माझी पोर मी लांबूनच हेरते." आता चाळिशीत दात झिजले, घास चावेना, कानशील ठणकायला लागलं, तेव्हा कुठे कोर ऑपरेशनला तयार झाली. रूप खुलेल म्हणून नव्हे. या वयात कसलं डोंबलाचं रूप!

तिचा जीव अडकला होता तो आईत. वर्षभरात आई विसरत चालली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा रस्ता. पोटच्या मुलाला ती "अहो साहेब" म्हणायला लागली, तेव्हा दादाचा धीर सुटला. त्याने वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून भरूनच टाकला.

"तिलाच बघायला कुणीतरी हवं, आणि ती तुला बघणार?" तो कोरला म्हणाला. "आंधळ्यानं लंगड्याला रस्ता दाखवायचा प्रकार आहे हा."

कोरने पाटीवर लिहिलं, 'रबर निघेपर्यंत थांब.'

"ठीक आहे. पण गॅस एकदा जरी उघडा राहिला, तर मी ऐकणार नाही." फॉर्म त्याने फ्रिजवर ठेवला. कोरला पलंगावरून तो दिसायचा. तिला कसलीच आशा नव्हती. आज ना उद्या गॅस उघडा राहणार, हे तिलाही कळत होतं.

गॅस काही उघडा राहिला नाही.

आई एकतीस वर्षं इस्पितळात सिस्टर होती. कोर गुंडाळलेल्या तोंडाने घरी आली त्याच दिवशी तिने जुनं घड्याळ शोधून छातीशी पिनने लावलं. वहीत रेघा मारून तक्ता केला. औषध, ताप, किती सूप गेलं, सगळं वेळच्या वेळी. उलटी झालीच तर रबर कापायला कात्री दोरीने पलंगाला बांधली. खोलीत येताना दारावर टकटक करायची. दादा आला की म्हणायची, "भेटायची वेळ पाच ते सात. पेशंटला बोलतं करू नका, साहेब."

"हिने तर घरातच वॉर्ड उघडला," दादा हसला. "आणि तू काय, कोरची एकदम बाळ झालीस?"

हनुवटी गेली तसं नावही गेलं, कोरने मनाशी म्हटलं. गेलं तर गेलं. आई तर परत आली.

पण मनाला रुखरुख होतीच. आरशात बघावं तर कुणी तिसरीच बाई. चेहरा गेला, चव गेली, आवाज परत येईल की नाही कोण जाणे. एका दुपारी कळा असह्य झाल्या. तिने वेड्यावाकड्या अक्षरात नुसतं 'आई' लिहिलं.

आईने पाटी वाचली. कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "असंच होतं गं. या दुखण्यात सगळ्यांना आईच आठवते."

कोर तिच्या पदरात तोंड लपवून रडली.

एकच खोड आईची गेली नाही. रोज संध्याकाळी ती एक सफरचंद रुमालात गुंडाळून पर्समध्ये लपवायची आणि खिडकीत उभी राहायची. दादा यायच्या आत कोर ते हळूच परत फ्रिजमध्ये ठेवून यायची. दादाला कळलं असतं तर त्याला तेवढंच निमित्त मिळालं असतं.

सहा आठवडे झाले. दादा तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी रबरं काढली. जबडा दोन बोटंच उघडला, पण उघडला.

घरी येताच दादाने फ्रिजवरचा फॉर्म उचलला आणि टराटरा फाडला. "हरलो बाई मी. एवढं तर तुझ्या डॉक्टरांनाही जमलं नसतं. राहू दे तिला इथेच."

कोर धावतच खोलीत गेली. पहिला शब्द तिने जपून ठेवला होता.

आईने पलंगावरची चादर बदलली होती. तक्त्याची वही मिटून ठेवली होती. पायात चपला, खांद्याला पर्स.

"आई," कोर म्हणाली. आवाज घोगरा आला, पण आला.

आईचा चेहरा फुलला. "वा! छान बोललीस, बाळ. आता तुला घरी सोडायला हरकत नाही. भावाला सांग, सांभाळून ने म्हणावं." तिने पर्समधून रुमाल काढला, सफरचंद आहे ना ते चाचपलं आणि घाईघाईने दाराकडे वळली.

"निघते मी. फार दिवस ड्यूटी झाली. माझी कोर घरी एकटीच आहे."