कोरा रकाना

"पूल यादीतून काढा," कागदावरून मान वर न करता समितीचे अध्यक्ष अभियंत्याला म्हणाले. "निधी तुटपुंजा आहे. आधी सिग्नल, मग फलाटांची लांबी. पुलाचं पुढच्या वर्षी बघू."

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात; इथे तीन वर्षं झाली होती. उपनगरी रेल्वेमार्गाच्या सुधारणांची यादी अभियंता करी आणि शेवटच्या स्थानकावरचा पादचारी पूल दर वर्षी तीतून गळे.

त्या पुलासाठी एक बाई न चुकता अर्ज घेऊन येत. पांढरे केस, हातात कापडी पिशवी. 'अपघातातील मृताशी नाते' हा रकाना त्या कोराच ठेवत. "आईच्या हातून लिहवेल कसं ते?" असं म्हणून कारकून स्वतःच तिथे 'आई' लिहून टाकी. माणूस मनाने चांगला होता.

एकदा अभियंत्याने विचारलं होतं, "काकू, कधी झालं हे?"

"सकाळची सात बेचाळीसची गाडी," बाई म्हणाल्या. "डबा भरून दिला होता मुलाला. तसाच परत आला."

पुढे विचारायची त्याची छाती झाली नाही.

आज मात्र त्याला राहवलं नाही. "साहेब, आमच्या कार्यालयाच्या दुरुस्तीचे पैसे तिकडे वळवा. गळक्या छताखाली बसेन मी, पण त्या आईला चौथ्यांदा नाही म्हणायला मला सांगू नका."

अध्यक्षांनी यादी पुढे ओढली, पूल पुन्हा लिहिला आणि सही केली.

संध्याकाळी मंजुरीचं पत्र घेऊन तो स्वतः बाईंच्या घरी गेला. त्यांनी ते दोनदा वाचलं, डोळे टिपले.

"आत या. त्यालाही सांगा. माझं खरं वाटत नाही त्याला."

फोटोपुढे उभं राहायचं म्हणून अभियंत्याने मन घट्ट केलं. पण आतल्या खोलीत भिंती मोकळ्याच होत्या. खिडकीपाशी तिशीतला एक माणूस बसला होता, उजवी मूठ आवळून. खुंटीवर इस्त्री केलेला गणवेश होता. धाकटा असावा, असं अभियंत्याला वाटलं.

बाई त्याच्याजवळ बसल्या. "बाळा, पूल होतोय. आता रुळांवरून कुणी यायचं नाही."

त्याने हळूहळू मान वर केली.

"आई, मी हॉर्न दिला होता, ब्रेकही मारला होता. गाडी थांबलीच नाही गं."