उणी पाकळी

मूसी नदीकाठच्या जुन्या नवाबी कोठीचं हॉटेल व्हायचं होतं. दाराचं एक कवाड ओलीनं पार कुजलं होतं; दुसरं मात्र शाबूत, अंबाजी सुताराच्या आजोबांच्या हातचं. ते ठाऊक नसतानाच मालकानं जोडीचं कवाड घडवायला अंबरपेठेतून नेमकं अंबाजीलाच बोलावलं.

"आजोबा दर कामात एका फुलाची एक पाकळी कमी ठेवायचे, नजर लागू नये म्हणून. तुम्हीबी ठेवा," बायको सत्यवती म्हणाली.

"म्हाताऱ्याचा हात चुकायचा, अन् नाव नजरेचं," अंबाजी हसला. जुनंच सागवान आणून त्यानं कवाड कोरलं, एकही पाकळी न सोडता.

दोन्ही कवाडांना तेल पाजलं, तेव्हा जुनं कुठलं ते मालकालाही ओळखेना. त्यानं आणलेल्या, जुनं लाकूडकाम पारखणाऱ्या तज्ज्ञ बाईंचं बोट फुलांवरून फिरत उण्या पाकळीशी थांबलं.

"नवाबाचा कारागीर अशी चूक करणार नाही. ही नक्कल." मग त्यांनी अंबाजीच्या कवाडावर हात ठेवला. "हे अस्सल. असा हात आता कुणाचा राहिला नाही."

"सुने क्या, उस्ताद?" मालक म्हणाला. "तुम्हारा वो तोडो, और इसके जैसा दूसरा बनाओ."

साठ वर्षांत अंबाजीच्या हाताला एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती. तो खरं बोलला नाही. त्यानं कुऱ्हाड उचलली.



उद्घाटनाची बिर्याणी आजोबांच्या सागवानावर शिजली, आणि अंबाजीच्या कवाडावर पितळी पाटी लागली: 'निजामाच्या काळातलं काम. कारागीर अज्ञात.'