वजनाचा दिवस

अडीच वर्षांची मैथिली वजनकाट्याच्या झोळीत बसली आणि काटा गेल्या महिन्यापेक्षा दीड किलोनं पुढं गेला. अंगणवाडीच्या शेवंताताईंनी पोरीला खाली उतरवून तिच्या फ्रॉकचा खिसा चाचपला. आतून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता निघाला.

"आजी, हे काय?"

"तुमच्यासाठीच केलं ओ ताई," मैथिलीची आजी म्हणाली. "पोरांची वजनं वाढली तर सरकार तुम्हाला मानधनावर जादा पैसे देणार म्हणे. अकरा वर्षं आमच्या पोरांची नाकं पुसताय. आमचा एवढा तरी हातभार."

ताईंनी रांगेकडं पाहिलं. भर वैशाखात तिघं पोरं स्वेटर घालून घामाघूम उभी होती. बाकीच्यांच्या आया गुपचूप त्यांच्या खिशांतून कुलपं आणि नदीतले गोटे काढायला लागल्या होत्या.

"असले पैसे मला पचायचे नाहीत," ताईंनी बत्ता आजीच्या हातात ठेवला. "खिसे भरायचेच असतील तर रोज शेंगदाण्यांनी भरा."

पुढच्या महिन्यात मैथिली पाव किलोनं जास्त भरली. ताईंनी तिचा खिसा उलटा केला, झोळी झटकली, दोन्ही शेंड्यासुद्धा सोडून पाहिल्या. काहीच सापडलं नाही.

"आजी, या खेपेला कुठं लपवलंय?"

आजीनं मैथिलीच्या पोटावर हलकेच टिचकी मारली.

"इथं. आता काढून दाखवा."